हौशे आणि गवशे

पाऊस लागला की माझं पळणं बाल्कनीत येतं. जागच्या जागी उभं राहून एकेक गुडघा कमरेपर्यंत उचलायचा, असं शंभरदा. या प्रकाराला 'हंड्रेड-अप' म्हणतात. तो शोधून काढला वॉल्टर जॉर्ज नावाच्या इंग्रज पोराने. सोळाव्या वर्षी तो औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. सकाळपासून रात्रीपर्यंत दुकान, मग पळायचं कधी? गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरमागे गुडघे उचलायचे!

आपल्याकडे म्हणतात, जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडमध्ये धावण्याच्या जत्रेत हौशांना गवशांचा विटाळ होता. पैजा लावून, पैशासाठी पळणारे ते गवशे. त्यांच्यापासून लांब राहायला काही सभ्य गृहस्थांनी ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब काढला आणि २३ मार्च १८६६ रोजी लंडनच्या ब्यूफोर्ट हाउसच्या मैदानावर पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली. दुसऱ्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत, म्हणजे विद्यापीठातली मंडळी आयतीच लंडनात. मुहूर्त कोणाच्या सोयीचा, हे उघडच आहे. क्लब उभारण्यात पुढे असलेल्या जॉन चेंबर्सने सात मैलांच्या चालण्याच्या शर्यतीत भाग घेतला आणि ती जिंकलीही. यजमानाने पहिल्या पंगतीला बसावं, तसं.

गंमत त्यांच्या 'हौशी'च्या व्याख्येत होती. पैशासाठी पळलेला चालणार नाही, हे समजू शकतो. पण कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूरही नको! का, तर अंगमेहनतीने त्याचं शरीर आधीच कमावलेलं, मग बरोबरी कशी व्हायची? हौसेला मोल नाही म्हणतात. इथे मात्र हौस करायला आधी खानदान लागत होतं.

ती अट फार टिकली नाही. १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या तिघांनी पुढाकार घेऊन नवी संघटना उभी केली. मजुराला दार उघडलं, स्पर्धा उन्हाळ्यात नेली. त्याच वर्षी आपल्या काउंटरमागच्या वॉल्टर जॉर्जने एक मैल आणि चार मैल अशा दोन्ही शर्यती मारल्या. पैशाचं सोवळं मात्र कायम राहिलं. विल्यम कमिंग्ज हा स्कॉटलंडचा नावाजलेला धावपटू, पण धंदेवाईक. त्याच्याशी पळायचं तर जॉर्जला हौशेपण सोडावं लागणार होतं. त्याने ते सोडलं. मला त्याचं हे फार आवडतं. २३ ऑगस्ट १८८६ रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर दोघे एक मैल पळले. शेवटच्या फेरीत कमिंग्ज कोसळला आणि जॉर्जने ४ मिनिटं १२¾ सेकंदांत शर्यत संपवली. ही वेळ १९१५ पर्यंत कोणाला मोडता आली नाही.

गवशांबद्दल हौशांना वाटणारी धास्ती अगदीच खोटी नव्हती म्हणा. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर हचिन्स आणि जेंट या दोन धंदेवाईकांची शर्यत ठरली होती. तिकिटं काढून माणसं जमली. पण कोणी हरायचं यावर पैजवाल्यांचं एकमत होईना, आणि शर्यत झालीच नाही. चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली आणि आग लावून दिली. याच लिली ब्रिजवर हौशांच्या अजिंक्यपद स्पर्धाही झाल्या होत्या.

मी पक्का हौशी. उलट, पळण्यासाठी मीच प्रवेश फी भरतो. वर एक टी-शर्ट आणि शेवटून कितवाही आलो तरी पदक. चेंबर्ससाहेबांनीही मला बिनतक्रार आत घेतलं असतं.

काल अठ्ठ्याऐंशीवर होतो, तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू.

"रोज सकाळी कुटता काय हो एवढं?"

"काही नाही काकू, हौस."

"मग गादीवर उभं राहून करा," म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.