आमची वाटचाल : जळालेल्या मोटारीची साक्ष

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मी आणि माझे भागीदार गाव सोडून लातुरात आलो, दुसऱ्याच्या दुकानात पाण्याच्या पंपाची मोटार भरण्याचे, म्हणजे जळालेली तार काढून तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालण्याचे काम शिकलो आणि पुढे पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे दुकान थाटले. त्यानंतरची बरीच वर्षे चांगली गेली.

२०१६ साली मात्र दुकान बुडता बुडता राहिले. मांजरा धरण कोरडे पडले होते, शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. आमच्या धंद्याला आधी तेजीच आली, कारण बोअर आटला की सबमर्सिबल, म्हणजे बोअरमध्ये पाण्याखाली चालणारी मोटार, कोरडी फिरते, तिचा फिरता दांडा पेलणारे बुश आणि थ्रस्ट बेअरिंग तापतात आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळते. पण विहिरीत थेंब नसताना भरलेली मोटार नेऊन शेतकरी करणार तरी काय? तयार मोटारी फळीवर पडून राहिल्या, तांब्याच्या तारेची उधारी मात्र चढत गेली, आणि भागीदार आपला हिशेब करून पुण्याला निघून गेले. त्यातच रस्त्यापलीकडच्या एका दुकानदाराने बारीक गेजची तार घालून निम्म्या भावात काम सुरू केले आणि आमच्या हातची मोटार महिनाभरही टिकत नाही, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. ते बोलणे मी आजही विसरलेलो नाही.

माझा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. कॉइलचे वेढे मोजताना मधेच आकडा चुकल्यासारखे वाटे, मी सगळी तार सोडून पुन्हा भरायला बसे, आणि रात्री झोप लागत नसे.

अशातच औसा तालुक्यातील आमचे जुने गिऱ्हाईक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, पंधरा दिवसांपूर्वी भरून नेलेली मोनोब्लॉक (पंपाला एकसंध जोडलेली मोटार) जळाली म्हणून घेऊन आले. त्यांच्या विहिरीत दिवसाकाठी अर्धा तास चालण्याइतके पाणी होते. ते एवढेच म्हणाले, "उघडून बघा, मग बोलू." मी कव्हर काढले. मोटार तीन फेजची, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारी होती. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजचे एकेक टोक एकत्र बांधलेल्या) त्या वाइंडिंगमधील दोन फेजच्या कॉइल कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या आणि तिसऱ्या फेजच्या कॉइलवर वार्निश जसेच्या तसे चमकत होते. वेढ्यांत चूक असती तर जळण्याची खूण अशी पडली नसती. एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजवर भार येऊन जळालेली ती मोटार होती. मामांच्या शेतावर जाऊन मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर उघडला, तर एका फेजची वीज जोडणारा कॉन्टॅक्ट जळून झिजलेला निघाला. त्या रात्री मी मोटार पुन्हा भरली आणि प्रत्येक कॉइलचे वेढे एकदाच मोजले.

या धंद्यातील मुलांना मी सांगतो की जुनी तार कापण्याआधी वेढे, गेज (तारेची जाडी) आणि पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधील खाचांचे अंतर) वहीत उतरवून घ्या, आणि मोटार परत आली तर वाद घालण्याआधी ती उघडा. मन घाबरलेले असते तेव्हा आठवणीचा भरवसा धरता येत नाही, वहीचा धरता येतो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि फळीवरच्या मोटारी एकेक करून गेल्या. तीन एचपीची एक मात्र अजून कोणी नेली नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की मी तिला मेगर (वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावतो, आणि काटा अजून चांगले रीडिंग दाखवतो.