पीएच पडत होता आणि आम्ही खूष होतो

पाच-सहा वर्षं झाली असतील, पण ती बॅच अजून डोक्यातून जात नाही. आमचं काम म्हणजे साखर कारखान्यातून येणारी उसाची चिपाडं ॲसिड आणि वाफेने शिजवायची, एन्झाइम घालून त्यातली साखर सोडवायची आणि ती बॅक्टेरियाला खायला घालून लॅक्टिक ॲसिड काढायचं, पुढे त्याचंच पीएलए प्लास्टिक होतं. पायलट प्लांट, 50 डिग्रीवर चाललेला फर्मेंटर, आणि नाईटला मी आणि ऑपरेटर मामा.

चिपाडाच्या रसात फरफ्युरल वगैरे बॅक्टेरियाला त्रास देणारं सटरफटर उतरलेलं असतं त्यामुळे आमचा बॅक्टेरिया पहिले सहा-सात तास ढिम्म हलत नाही, मग ॲसिड सुटलं की पीएच पडतो आणि तो सावरायला चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला चुना) आपोआप पडत राहतं. त्या रात्री तिसऱ्याच तासाला चुन्याचा पंप टकटक करायला लागला. चुना जास्त म्हणजे ॲसिड जास्त, सरळ हिशोब, मी तर चहा सांगितला!

मामा म्हणाले, "मॅडम, वास येगळा येतोय, ताकावानी." मी म्हटलं अहो मामा, लॅक्टिक ॲसिडच करतोय ना आपण, ताकासारखाच येणार. मायक्रोस्कोपखाली स्लाईड बघायचा कंटाळा केला, खरं सांगते.

सकाळी लिटरला 90 ग्रॅम लॅक्टिक ॲसिड आलं, आमचा बेस्ट आकडा. मॅनेजर सरांनी लगेच वर मेल टाकली.

दुपारी कायरल कॉलमचा रिपोर्ट आला, डी 11 टक्के. लॅक्टिक ॲसिड दोन प्रकारचं असतं, एल आणि डी, डाव्या-उजव्या चपलेसारखं, ॲसिड मोजायचं आमचं रोजचं मशीन, साधा एचपीएलसी, दोन्हीला एकच समजतो, कायरल कॉलम दोन्ही वेगळे दाखवतो. आमचा बॅक्टेरिया फक्त एल बनवतो. पीएलएत चार टक्के डी घुसला तरी वितळायचं तापमान 175 वरून दीडशेपर्यंत उतरतं, अकरावर ते नीट क्रिस्टलच होत नाही, म्हणजे गरम चहा ओतला की कप बसला. आणि डी बनवणाऱ्यांत दह्यातली मंडळी पण येतात, मामांचं नाक बरोबर होतं. मायक्रोस्कोपखाली आमच्या आखूड काड्यांमध्ये लांब बारीक साखळ्याच साखळ्या.

हा बाहेरचा बॅक्टेरिया घुसला कुठून ते शोधायला दोन दिवस गेले, शेवटी रिकामा फर्मेंटर, जंतू मारायला बॅचआधी घेतो तसा, परत स्टीमवर घेतला आणि मामा एकेक पाईप हाताने चाचपत गेले (करू नये, पण ते करतात). इनॉक्युलम लाईनच्या (बॅक्टेरियाचं विरजण आत सोडायच्या पाईपच्या) खालच्या टोकाला थांबले, "ह्यो गारच हाय की." वाफेचं झालेलं पाणी बाहेर काढणारा स्टीम ट्रॅप अडकलेला, पाणी साचून वाफ तिथवर पोचतच नव्हती, आणि स्क्रीनवर 121 डिग्री, कारण सेन्सर टाकीत.

बॅच मारून ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला, सोडली तेव्हा तिथल्या माणसाने सीओडीवरून (सांडपाण्यातल्या घाणीच्या आकड्यावरून) फोनवर यथेच्छ शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. सरांना आता वर दुसरी मेल टाकायची होती, ती मलाच लिहायला लावली, चार वेळा खोडून लिहिली आणि ताकाच्या वासाचं त्यात घातलं नाही.