जेर्सनच्या पुस्तकात लपलेला मर्लिन

लंडनच्या पॅडिंग्टनहून निघालं की पावणेदोन तासांत ब्रिस्टल येतं. बहुतेक लोक इथे झुलता पूल बघायला येतात. मी आले होते फाटक्या चर्मपत्राच्या तुकड्यांसाठी. दंतकथेतल्या आर्थर राजाचा सल्लागार, जादूगार मर्लिन, याची कथा त्यांवर लिहिलेली आहे.

सेंट्रल लायब्ररी कॉलेज ग्रीनवर, कॅथीड्रलला अगदी खेटून आहे. इमारत १९०६ सालची, पण शेजारच्या जुन्या मठाच्या वेशीशी जमवून घेत बांधलेली. तिथेच हिरवळीवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा दिसतो. १८३३ साली ते ब्रिस्टलजवळच वारले. त्यांना नमस्कार केला आणि आत गेले.

ज्या पुस्तकात हे तुकडे सापडले ते ज्यां जेर्सन या फ्रेंच धर्मपंडिताचं समग्र लेखन. स्ट्रासबुर्गला १४९४ ते १५०२ या काळात छापलेले चार खंड. त्या काळी पुस्तक बहुधा सुट्या फर्म्यांच्या, म्हणजे न शिवलेल्या छापील घड्यांच्या रूपात विकलं जायचं आणि बांधणी गिऱ्हाइकाच्या गावातला बाइंडर करायचा. हे खंड बांधले गेले बहुधा ऑक्सफर्डला. तिथल्या बाइंडरांना पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवायला काहीतरी दणकट हवं असे, आणि कातडीच्या चर्मपत्राइतकं दणकट दुसरं काय मिळणार? टाकून दिलेली जुनी हस्तलिखितं मग कापून वापरली जायची. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक नील कर यांनी १९५४ साली फक्त ऑक्सफर्डच्या बांधण्यांमधल्या अशा पानांची यादी प्रसिद्ध केली, तीच एक जाडजूड ग्रंथ झाली!

ब्रिस्टलचे सात तुकडे २०१९ साली विद्यापीठातल्या मायकेल रिचर्डसन या ग्रंथपालांच्या नजरेला पडले. त्यात आर्थर राजाच्या कथेतली नावं होती. मजकूर जुन्या फ्रेंचमधला, मर्लिन जादूगाराच्या कथेचा. कथा रचली गेली १२२०-२५च्या सुमारास आणि ही प्रत १२५० ते १२७५च्या दरम्यान उत्तर फ्रान्समध्ये लिहिलेली, म्हणजे रचनेनंतर जेमतेम अर्ध्या शतकातली.

आधी लिहून परवानगी घेतली होती. मऊ पाचरींवर खंड उघडून ठेवला आणि मी वाकून बघत राहिले. कातडीवर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके अजून दिसतात. चिकटवलेली बाजू सोडवताना शाईची साल निघून गेली आहे; एक ओळ स्पष्ट, पुढची नुसती सावली. अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन ही अक्षरं वाचली. अवरक्त प्रकाशातही शाई काळीच दिसली, त्यावरून ती नेहमीची लोहयुक्त शाई नसून काजळीची असल्याचं कळलं.

कथा आहे ट्रेबच्या लढाईची. मर्लिनच्या नेतृत्वाखाली आर्थरची फौज तुटून पडते आणि त्यांच्या निशाणावरचा ड्रॅगन खरोखरची आग ओकतो. इतर प्रतींत शत्रूचा राजा क्लॉडास मांड्यांना जखमी होतो. इथे जखम कुठे झाली ते सांगितलेलंच नाही. एवढासा फरक, पण आर्थरकथांत मांडीची जखम हे नपुंसकत्व आडून सांगणं मानतात, त्यामुळे तो मला फार मोलाचा वाटतो.

अशी पोथी कापायला मन कसं झालं असेल? १४८५ साली मॅलरीची इंग्रजी आर्थरकथा छापून आली होती. जुनी फ्रेंच प्रत कुणाला अडगळ वाटली असणार. मला त्या बाइंडरचा राग येत नाही. त्याने ही पानं खळीने चिकटवली म्हणून ती टिकली, नाहीतर चुलीतच गेली असती. पानाच्या कडेला एका इंग्रज हाताने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेली नोंद आहे, म्हणजे पोथी तेव्हाच इंग्लंडात पोचली होती. ऑक्सफर्डहून ब्रिस्टलला हे खंड बहुधा यॉर्कचे आर्चबिशप टोबी मॅथ्यू यांच्यामुळे आले असावेत. १६१३ साली इथल्या ग्रंथालयाची सुरुवात त्यांच्याच पुस्तकांनी झाली.

म्हणूनच असे तुकडे पुस्तकातून काढून वेगळ्या पेटीत ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुकडा पुस्तकापासून तुटला की हा सगळा माग पुसला जातो. तुकडा न काढताही तो वाचता येतो, हे केंब्रिजने करून दाखवलंय. तिथे मर्लिनच्याच कथेचं एक पान सोळाव्या शतकातल्या जमीनदारीच्या दप्तराला वेष्टण म्हणून शिवलेलं होतं. ते न उसवता सीटी स्कॅन वगैरे करून त्यांनी त्याच्या घड्या संगणकावर उलगडल्या आणि २०२५ साली जाहीर केलं. पुढच्या वेळी केंब्रिज.