आखाजीच्या आत पाणी नितळ हवं होतं

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही लेकी माहेरी आल्या. नातवंडांनी पहिल्या दिवशी हौदात उड्या मारल्या आणि चौथ्या दिवशी धाकट्या नातवाने काठावरून वाकून विचारलं, "आबा, तळ कुठे गेला?" पाणी हिरवट-मातकट झालं होतं. हौद उपसला, पुन्हा भरला. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोटार लावायला निघालो तर ही म्हणाली, "केळीला पाणी पुरत नाही म्हणून रात्री-बेरात्री उठता, आणि इथे हौद ओतताय?" तिचं बरोबर होतं. आमच्या यावल पट्ट्यात बोअरचं पाणी किती खोल गेलंय हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हौद मळ्यातल्या घराजवळ आहे. ६ मीटर लांब, ३ रुंद, १.२ खोल, म्हणजे २१,६०० लिटर. आत निळ्या टाइल्स. बांधताना गवंड्याने सगळा विचार केला, फक्त पाणी स्वच्छ कसं राहणार याचा विचार त्यानेही केला नाही आणि मीही नाही.

आम्ही केळीवाले. फिल्टर म्हणजे काय हे आम्हाला शिकवायची गरज नाही अशी माझी समजूत होती. तीस वर्षं ड्रिप वापरतोय. शेडमध्ये जुना सँड फिल्टर पडूनच होता. म्हटलं, हाच जोडू, खर्च वाचेल. जोडला. पाणी आधीपेक्षा बरं दिसायला लागलं, पण "बरं"च्या पुढे काही जाईना. मग लक्षात आलं की ड्रिपचा फिल्टर ड्रिपरचं भोक बुजू नये एवढ्यासाठीच असतो. त्याच्या पुढची १२० मेशची (इंचाला १२० भोकांची) जाळी साधारण १२५ मायक्रॉनच्या वरचं अडवते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे केसाहून बारीक माती आरपार जाते आणि पाणी गढूळ दिसतं ते नेमकं त्याच मातीने. वर आणखी एक गंमत झाली. टाकी लोखंडी, आतून रंग दिलेली. रंग जिथे उडाला होता तिथे क्लोरीनच्या पाण्याने गंज धरला आणि पंधरा दिवसांत टाइल्सच्या सांध्यांवर तांबूस रेघा उमटल्या. त्या घासायला आमच्या सालदाराचा एक अख्खा दिवस गेला. त्याने तोंडाने काही म्हटलं नाही, पण ब्रश ठेवताना जरा जोरातच ठेवला.

मग जळगावला गेलो. दुकानदाराने तीन प्रकार सांगितले. पहिला सँड फिल्टर, हौदासाठीचा, फायबरच्या टाकीचा. आत बारीक सिलिका वाळू, साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंत पकडणारी. दुसरा कार्ट्रिज, घड्या घातलेल्या पॉलिस्टर कापडाचा, १० ते २० पर्यंत जाणारा, मळला की काढून नळीने धुवायचा. तिसरा डीई. डायटम नावाचे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्या सांगाड्यांची पांढरी भुकटी त्याच्या जाळ्यांवर चढवतात. हा ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत गाळतो. दुकानदाराला कार्ट्रिज खपवायचा होता. बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, लागत नाही, पाणी वाचतं, तुमच्याकडे पाण्याची टंचाई, हाच घ्या. बोलणं पटण्यासारखं होतं. मी ॲडव्हान्स द्यायला खिशात हातही घातला होता.

हात थांबला तो आदल्या रात्रीच्या बाटल्यांमुळे. हौदातलं पाणी मी दोन पारदर्शक बाटल्यांत भरून ओट्यावर ठेवलं होतं. दहा मिनिटांत तळाला भरड थर बसला: धूळ, वाळलेल्या केळीच्या पानांचा चुरा, मुलांच्या पायांची माती. वरचं पाणी मात्र सकाळीही धुरकट होतं, रात्रभरात तसूभर खाली बसलेलं नव्हतं. ती आपली काळी माती. तिचे चिकणकण २ मायक्रॉनहूनही लहान असतात. म्हणजे तिन्हींतला सगळ्यात बारीक फिल्टर घेतला तरी तो धूर जाणार नव्हता. दुकानदार मायक्रॉनचे आकडे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाटली होती.

घरी येऊन दुसऱ्या बाटलीत तुरटी फिरवली. आई रांजणात फिरवायची तशीच. अर्ध्या तासात धूर गोळा होऊन कापसासारखे पुंजके झाले आणि हळूहळू खाली बसले.

इथून गणित बदललं. तुरटी वापरायची असेल तर कार्ट्रिज नको, त्या चिकट पुंजक्यांनी त्याच्या घड्या बुजतात. भुसावळला माझ्या साडूंच्या ओळखीत एकांच्या बंगल्यावर कार्ट्रिज होता, तोही बघून आलो. काढून दाखवला तर कापड पापडासारखं कडक झालेलं. बोअरच्या पाण्याचे क्षार. ते दर दोन-तीन महिन्यांनी सौम्य ॲसिडात बुडवतात, आपण ड्रिपच्या नळ्यांना ॲसिड देतो तसंच. शिवाय उन्हाळ्यात आठवड्याला धुणं आलंच, आणि पाव तास नळी सुरू ठेवली की दोनशे लिटर गेलं. मग वाचलं काय? जिथे धूळ कमी आणि पाणी मऊ, तिथे कार्ट्रिज उत्तमच असेल. मे महिन्यातली आमची वावटळ बघितलेला माणूस त्या वाटेला जाणार नाही.

डीईवर मी फार वेळ घालवला नाही. दर धुण्यानंतर नवी भुकटी चढवायची, ती इथे सहज मिळत नाही, आणि हाताळताना नाकात जाऊ द्यायची नाही. आमच्याकडे हे काम सालदार नाहीतर नातवंडं करणार. नकोच.

राहिला सँड. त्याचा दोष एकच, बॅकवॉशचं पाणी. तो हिशेब कागदावर मांडला. पंप ताशी साडेपाच हजार लिटर देतो, तीन मिनिटं उलटा चालवला तर २७५ लिटर, नंतर अर्धा मिनिट रिन्स, सगळं मिळून सव्वातीनशेच्या आसपास. महिन्यातून चारदा केलं तर १,३०० लिटर. गेल्या वर्षी मी दर चार दिवसांनी २१,६०० ओतत होतो. हिला कागद दाखवला. ती म्हणाली, "ते सव्वातीनशे तरी कुठे सोडणार ते आधी सांगा." क्षाराचं पाणी केळीला सोसत नाही, म्हणून चर काढून ते कुंपणाजवळच्या कडुनिंबांना आणि दोन नारळांना दिलं.

पंपाच्या बाबतीत मात्र मी जवळजवळ फसलो होतो. दुसऱ्या एका दुकानात दीड हॉर्सपॉवरचा पंप गळ्यात मारत होते, "जास्त फोर्स, जास्त सफाई" म्हणून. सँड फिल्टरमध्ये उलटं असतं. पाणी वाळूतून सावकाश गेलं तर माती अडकते, जोरात ढकललं तर वाळूत वाटा पडतात आणि मळ सरळ पलीकडे निघतो. उलट पंप फार लहान घेतला तर बॅकवॉशला वाळू उचलतच नाही. माझ्या हौदाला ४०० मिलिमीटर व्यासाची टाकी आणि अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप बरोबर जुळला. चार तासांत हौदाचं सगळं पाणी एकदा फिरून येतं. पंप सिंगल फेजवर, घरच्या मीटरवर घेतला. शेतीच्या लाइटीवर ठेवला असता तर रात्रपाळीच्या आठवड्यात हौदासाठीही जागरण.

वाळूवरून गवंड्याशी वाद झाला. तो म्हणे, तापीची धुऊन भरू. नदीच्या वाळूत कण लहान-मोठे असतात, चुनखडीही असते. बारीक कण जाळीतून हौदात येतात, मोठ्यांच्या फटींतून मळ निसटतो. एकसारख्या दाण्याची, अर्ध्या ते एक मिलिमीटरची सिलिका आणली. फिल्टरच्या तळाशीही प्लास्टिकच्या फटींच्या नळ्या असतात आणि ड्रिपच्या नळ्यांसारखं त्यांनाही लॅटरलच म्हणतात, हे ऐकून सालदाराला हसू आलं. टाकी आधी अर्धी पाण्याने भरली आणि मग वाळू हळूहळू सोडली. कोरड्या टाकीत वरून वाळू ओतली तर त्या नळ्या तुटतात. पहिला बॅकवॉश काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत केला, वाळूची स्वतःची धूळच बरीच निघाली.

प्रेशर आमच्या भाषेत किलोत. नवा असताना काटा पाऊण किलोवर होता, तो मी मीटरच्या काचेवर रंगाने खूण करून ठेवला. सव्वा किलोच्या पुढे सरकला की बॅकवॉश. खूण नसताना रोज धुवायचा मोह होतो, आणि तो बरा नाही, कारण वाळूत थोडा मळ साठलेला असताना ती जास्त बारीक गाळते. लेकी आल्यावर एक भर पडली. पोरींच्या डोक्याचं खोबरेल. त्याने वाळूचे गोळे होतात. आता उडी मारायच्या आधी नळाखाली डोकं धुवायचं असा हिचा कायदा आहे आणि तो जावयांनाही लागू आहे.

यंदा आखाजीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी वादळ आलं. सकाळी हौद चहासारखा. पंप बंद ठेवून अर्धा किलो तुरटी बादलीत विरघळवून पाण्यावर सगळीकडे सोडली आणि रात्रभर कुणालाही पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. आखाजीला सकाळी तळावर राखाडी साय बसलेली. फिल्टरवरच्या व्हॉल्व्हचा दांडा 'वेस्ट'वर नेला, म्हणजे पाणी वाळूत न जाता थेट बाहेर, आणि ती साय सावकाश ओढून काढली. हौद अडीच इंच उतरला. नंतर क्लोरीन दिलं, ते मी कायम ऊन उतरल्यावर देतो, नाहीतर चव्वेचाळीस डिग्रीत दुपारपर्यंत उडून जातं. फिल्टर माती काढतो, जंतू मारायचं काम त्याचं नव्हे.

घरात मांडे आणि आमरस चालू असताना थोरल्या नातवाने पंप चालू असतानाच तो दांडा फिरवला. आतला रबरी गॅस्केट सरकला आणि पाणी भलतीकडून फवारायला लागलं. दोष माझाच, आधी पंप बंद करायचा हे मी फक्त सालदाराला सांगितलं होतं. जळगावहून दोन गॅस्केट मागवले. एक बसवला, दुसरा शेडमध्ये ड्रिपच्या ग्रोमेटांशेजारी खिळ्याला टांगलाय. जुना लोखंडी फिल्टर आतून रंगवून पुन्हा केळीच्या लाइनवर गेला.