मूत्रमार्गाची जळजळ हटत नाही तेव्हा

पुरुषांमध्ये मूत्रमार्गाचा दाह एका कोर्सनंतर पुन्हा डोकं वर काढतो आणि मग अँटिबायोटिक बदलत राहण्याचा सिलसिला सुरू होतो. कृपया तिथेच थांबा. आधी दाह खरंच आहे का, आणि असला तर कशामुळे, हे तपासून घ्या.

बरीच गल्लत नमुना देतानाच होते. कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) मधली धार देतात, पण या आजारात पहिली धार लागते: सुरुवातीची साधारण 20 मिली. त्याआधी निदान तासभर, जमल्यास दोन तास लघवी केलेली नसावी. मधली धार दिली, तर मूत्रमार्गातल्या पू-पेशी पहिल्या धारेबरोबरच वाहून गेलेल्या असतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. शिवाय क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हे लैंगिक संबंधांतून पसरणारे जंतू साध्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. त्यांच्यासाठी पीसीआर, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, करावी लागते. ट्रायकोमोनास या परजीवीचीही त्यातच मागून घ्या.

गोनोरिया (परमा) नसेल तर सहसा डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, 7 दिवस देतात. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध, लोहाच्या गोळ्या आणि अँटासिड त्या वेळी टाळा. औषध नीट शोषलं जात नाही.

एवढ्यानेही भागलं नाही, तर पहिला संशय मायकोप्लाझ्मावर. त्याला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीचं कवच) नसते, त्यामुळे तिच्यावरच घाव घालणारं अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झाइम कितीही घेतलं तरी व्यर्थ. अझिथ्रोमायसिनचा 1 ग्रॅमचा एकच डोस तर त्याला औषधाला दाद न देणारा बनवू शकतो. म्हणून बहुधा आधी डॉक्सिसायक्लिनने जंतूंची संख्या घटवतात आणि मग मॉक्सिफ्लॉक्सॅसिन 400 मिग्रॅ रोज, 7 दिवस. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. टाचेच्या वरची शीर दुखू लागली तर बंद करून लगेच कळवा.

जोडीदाराचे उपचार राहिले तर सगळं मुसळ केरात! मागच्या 60 दिवसांतल्या प्रत्येक जोडीदाराची तपासणी व्हावी, आणि दोघांचेही उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नकोत. फेरतपासणीची घाई करू नका. 3 आठवड्यांच्या आत मेलेल्या जंतूंचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवू शकतो.

पू-पेशी नाहीत, पीसीआरही स्वच्छ, तरी जळजळ आहे? मग आणखी अँटिबायोटिक नको. स्राव येतोय का हे बघायला दिवसभर लिंग पिळत राहण्यानेही दाह टिकून राहतो. ती सवय सोडाच. उग्र साबण आणि शुक्रजंतुनाशक जेल बंद करून पाहा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले असतील तर फिजिओथेरपीचा उपयोग होतो. धार बारीक झाली असेल तर मूत्रमार्ग आकसलाय का, हे युरोफ्लोमेट्रीने (लघवीच्या धारेचा वेग मोजून) तपासतात. ताप, वृषणात दुखणं किंवा लघवी तुंबणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.