पाणी जाणार कुठे?

दुपारी तासभर पाऊस झाला आणि इमारतीच्या फाटकापाशी घोट्यापर्यंत पाणी साचलं. छत्री धरून तिथेच थांबले. गटाराच्या जाळीवर पानं आणि एक प्लास्टिकची पिशवी चिकटून बसली होती, पाणी तिच्याभोवती गोल फिरत होतं. काठीने पिशवी ओढली तसं घळघळ आवाज करत थोडं उतरलं, मग थबकलं. खालचं गटारच तुडुंब होतं.

दहा पावलांवर झाडाभोवती हातभर मोकळी माती आहे. तिथे पाणी साचलेलं नव्हतं, मुरत होतं.

१०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होतं. फरशी आणि काँक्रीट ते सगळं एकदमच गटारात ढकलतात. त्यात हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून सरी अशा कोसळतात. जुन्या पावसाच्या हिशेबाने टाकलेले पाइप किती पुरणार?

२ जुलै २०११ ला कोपनहेगन असंच बुडालं होतं. पुढच्याच वर्षी त्या शहराने ढगफुटीसाठी आराखडा केला: काही रस्ते पाणी वाहून नेतील, बागा ते तात्पुरतं धरून ठेवतील. मला हे फार पटतं. पाण्याला हाकलण्याआधी जागा द्यायला हवी.

रविवारी बैठक आहे. पार्किंगच्या कडेची फरशी काढून तिथे खोलगट वाफा करू या, असं मी मांडणार आहे. कोण कोण सोबत आहे?