टापास आणि तेही बुफेत?

आज बार्सेलोनात 'टापास बुफे'ला गेलो. टापास म्हणजे ड्रिंकसोबत खायचे छोटे छोटे स्पॅनिश पदार्थ. पातातास ब्राव्हास (तिखट सॉसमधले तळलेले बटाटे) गारढोण, क्रोकेतास (तळलेले, आतून मऊ गोळे) मात्र झकास. आणि मधोमध पाएयाची, म्हणजे स्पॅनिश भाताची, भलीमोठी कढई! अहो, पाएया वालेन्सियाचा, दुपारच्या भरपेट जेवणाचा. तो इथे कशाला?

नवरा म्हणे, "छोट्या बशीत आलं की झालं टापास." मला नाही पटत. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादात ड्रिंक मागवलं की सोबत टापा फुकट येतो, कुठला ते बहुतेकदा बारवालाच ठरवतो. उत्तर स्पेनमधल्या सान सेबास्तियानला काउंटरवरचे पिंचो (बहुतेकदा पावाच्या तुकड्यावरचे छोटे घास) उभ्याउभ्याच खायचे, एखाददुसरा झाला की पुढचा बार गाठायचा. ताट भरून एकाच टेबलाशी ठाण मांडलं की मजा गेली.

(क्रोकेतास मी परत परत आणले, ते सोडा.)

नवऱ्याचं म्हणणं, खुर्ची दिसली असती तर तू तिथेही बसलीच असतीस. तुमचं मत काय?